पडद्यामागचा कागद : ल्यूक डेव्हिस यांच्या पटकथांविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात ‘लायन’ या २०१६ सालच्या ऑस्ट्रेलियन चित्रपटावर याच सदरात एक छोटे टिपण आले होते. खंडव्याच्या गणेश तलाई वस्तीतला पाच वर्षांचा मुलगा १९८६ साली बुऱ्हाणपूरच्या स्थानकावर थोरल्या भावाची वाट पाहताना रिकाम्या गाडीत झोपी जातो, थेट हावड्याला पोहोचतो, दत्तक होऊन टास्मानियात वाढतो आणि पंचवीस वर्षांनी उपग्रहाच्या छायाचित्रांवरून आपले गाव शोधून काढतो, अशी ही सत्यकथा आहे. टिपणात पटकथाकार ल्यूक डेव्हिस यांचा उल्लेख एका ओळीत उरकला होता. त्या एका ओळीवर इतकी पत्रे आली की हा अंक त्यांच्यासाठीच राखून ठेवला आहे.

प्रश्न : मी भुसावळचा. खंडवा आणि बुऱ्हाणपूर ही आमच्या रोजच्या ये-जा करण्यातली गावे. ती एका ऑस्ट्रेलियन लेखकाच्या कागदावर इतकी खरी कशी उतरली, याचे नवल वाटते. हे डेव्हिस कोण? त्यांनी आणखी काय लिहिले आहे?

रावेर मागे पडले की थोड्याच वेळात बुऱ्हाणपूर येते आणि तिथून सुमारे ७० किलोमीटरवर खंडवा. खानदेशातल्या प्रेक्षकाला ‘लायन’चा पूर्वार्ध परका वाटणे शक्यच नाही.

ल्यूक डेव्हिस यांचा जन्म १९६२ साली सिडनीत झाला. ते मूळचे कवी. २००४ साली त्यांच्या ‘टोटेम’ या संग्रहाला मेलबर्नच्या ‘द एज’ या दैनिकाचा त्या वर्षीच्या सर्वोत्तम पुस्तकाचा सन्मान मिळाला आणि २०१२ साली ‘इंटरफेरॉन साम्स’ या संग्रहाला पंतप्रधान साहित्य पुरस्कार देण्यात आला. हा पुरस्कार कवितेसाठी प्रथमच दिला जात होता. दरम्यान त्यांच्या कादंबऱ्या आल्या. त्यांतली पहिली ‘कँडी’ ही १९९७ साली प्रसिद्ध झाली आणि तिच्यामुळेच ते पुढे चित्रपटाकडे वळले. २००६ साली नील आर्मफील्ड यांच्या दिग्दर्शनाखाली ‘कँडी’ पडद्यावर आली. त्यानंतर जवळजवळ दशकभराने, २०१५ साली, अँटन कॉर्बिन यांचा ‘लाइफ’ आला. १९५५ साली छायाचित्रकार डेनिस स्टॉक आणि अभिनेता जेम्स डीन यांनी एकत्र घालवलेल्या काही दिवसांची ती कथा आहे. पुढच्याच वर्षी ‘लायन’ आला. मग २०१८ साली ‘ब्यूटिफुल बॉय’, २०१९ साली ‘एंजल ऑफ माइन’ आणि जोसेफ हेलर यांच्या कादंबरीवरची ‘कॅच-२२’ ही मालिका, २०२० साली ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’. ‘लायन’साठी त्यांना रूपांतरित पटकथेचा ब्रिटनचा बाफ्टा पुरस्कार मिळाला आणि त्याच विभागात ऑस्करचे नामांकनही मिळाले. त्या वर्षी चित्रपटाला एकूण सहा ऑस्कर नामांकने होती.

या सगळ्या कामांतली बहुतेक रूपांतरे आहेत. कुणाची आत्मकथने, कुणाच्या कादंबऱ्या, कधी स्वतःचेच पुस्तक. एरवी ‘रूपांतरकार’ म्हटले की आपल्याकडे काहीसे दुय्यम स्थान दिले जाते. डेव्हिस यांच्या बाबतीत तो पूर्वग्रह बाजूला ठेवावा लागतो. कारण त्यांनी निवडलेल्या कथा पुन्हा पुन्हा एकाच जागी येतात. एक मूल किंवा मुलासारखाच कोवळा एखादा जीव घरापासून तुटलेला असतो आणि कुणीतरी त्याला परत आणण्याच्या खटपटीत असते. खालच्या उत्तरांत हे सूत्र वारंवार येईल.

आपल्या मूळ प्रश्नाबद्दल. गावे खरी उतरली याचे एक कारण हाताशी असलेले सरू ब्रायर्ली यांचे, म्हणजे त्या हरवलेल्या मुलाचेच आत्मकथन, हे उघडच आहे. दुसरे कारण पटकथेच्या बांधणीत आहे. आपण जे पाहतो ते पाच वर्षांच्या मुलाला दिसते तेवढेच. कोळशाच्या मालगाडीवरून चोरलेला कोळसा, त्याच्या बदल्यात मिळालेल्या दुधाच्या पिशव्या, आईच्या डोक्यावरची दगडांची पाटी. गावाचा इतिहास, जातीपातीचे ताणेबाणे, गरिबीची कारणे, यांतले काहीही समजावून सांगितले जात नाही, कारण त्या मुलाला ते ठाऊक नाही. कोलकात्यात पोहोचल्यावर तो हिंदीत बोलतो आणि आजूबाजूचे लोक बंगालीत. त्याला काही कळत नाही, तेव्हा परदेशी प्रेक्षकालाही कळत नाही, आणि ते न कळणे हाच प्रसंगाचा आशय होतो. परक्या लेखकाचे अज्ञान झाकण्यासाठी अनेक चित्रपट निवेदकाचा आधार घेतात. इथे पात्राचे अज्ञानच कामाला लावले आहे.

एक गोष्ट मुंबईकरांना सांगायलाच हवी. छोट्या सरूची भूमिका करणारा सनी पवार हा कालिना भागातल्या वस्तीत वाढलेला मुलगा. चित्रपटात पाऊण तासाहून अधिक काळ कथेचा भार त्याच्या एकट्याच्या डोळ्यांवर आहे.

प्रश्न : कवी असलेला माणूस पटकथेकडे वळला की संवाद जड आणि अलंकारिक होतात, असा सर्वसाधारण अनुभव आहे. डेव्हिस यांचे तसे झाले नाही का? आणि ‘कँडी’ ही त्यांची स्वतःची कहाणी आहे, हे खरे का? (पुणे)

आपल्याकडे ग. दि. माडगूळकरांचे उदाहरण डोळ्यांपुढे असताना हा ‘सर्वसाधारण अनुभव’ मला पूर्णपणे मान्य करता येत नाही. गदिमांच्या पटकथांतले बोलणे जितके साधे आणि चटपटीत आहे, तितके ते अनेक गद्यलेखकांनाही साधलेले नाही. कवीला शब्दांची किंमत ठाऊक असते, म्हणून तो ते जपून खर्चतो, असेही होऊ शकते.

‘कँडी’ हे आत्मचरित्र नव्हे. परंतु डेव्हिस तरुणपणी हेरॉइनच्या व्यसनात होते आणि १९९० च्या सुमारास त्यातून बाहेर आले, हे त्यांनी स्वतः जाहीरपणे सांगितले आहे. कादंबरी त्या अनुभवावर उभी आहे. चित्रपटात डॅन हा कवी आणि कँडी ही चित्रकार, असे तरुण जोडपे आहे. हीथ लेजर आणि अ‍ॅबी कॉर्निश यांनी त्या भूमिका केल्या आहेत आणि जेफ्री रश यांनी त्यांना नशा पुरवणाऱ्या, वडीलधाऱ्या वाटणाऱ्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाची भूमिका केली आहे. कथेचे स्वर्ग, पृथ्वी आणि नरक असे तीन भाग पडद्यावर शीर्षक देऊन पाडलेले आहेत. ही विभागणी कवीलाच सुचावी अशी आहे, आणि खरे सांगायचे तर मला ती थोडी सजावटी वाटते. तिच्याविनाही उतरण प्रेक्षकाला दिसलीच असती. मात्र प्रत्यक्ष प्रसंगांतले बोलणे कोरडे आहे. पैसे कुठून आणायचे, कुणाकडून उसने घ्यायचे, आज काय विकायचे, याच्या पलीकडे ही माणसे फारसे बोलतच नाहीत. व्यसनात भाषा आटत जाते, हे आतून पाहिलेल्या माणसाने लिहिले आहे.

‘कँडी’चा एक धागा पुढच्या कामासाठी महत्त्वाचा आहे. कँडीचे आईवडील कथेत अधूनमधून येतात आणि ते आले की ताण एकदम वाढतो. तिथे डेव्हिस त्यांना दाराबाहेरच ठेवतात, कारण कथा डॅनच्या बाजूने सांगितलेली आहे. बारा वर्षांनी ते त्या दाराच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभे राहिले. त्याविषयी पुढे नागपूरच्या पत्राच्या उत्तरात.

प्रश्न : मी आधी सरू ब्रायर्ली यांचे पुस्तक वाचले आणि मग चित्रपट पाहिला. पुस्तकात मोठा झालेला सरू आपल्याला मागचे सांगतो. चित्रपटात सगळे ओळीने घडते. मला चित्रपटाचा पूर्वार्ध अतिशय आवडला, पण उत्तरार्धात एक माणूस संगणकासमोर बसून राहतो, आणि तिथे माझे लक्ष उडाले. हा पटकथेचा दोष म्हणावा का? (नाशिक)

प्रश्न अगदी नेमक्या ठिकाणी बोट ठेवणारा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

पुस्तकाची सुरुवात परत आलेल्या माणसापासून होते आणि मग टास्मानियातल्या होबार्ट शहरातल्या बालपणातून, आठवणींच्या वाटेने, हरवण्याच्या रात्रीकडे जाते. आत्मकथनात हे स्वाभाविक आहे, कारण मुखपृष्ठ पाहिल्यापासूनच वाचकाला शेवट ठाऊक असतो. चित्रपटासाठीही हाच मार्ग सर्वांत सोपा होता. मोठ्या सरूची भूमिका करणारा देव पटेलसारखा ओळखीचा नट पहिल्याच दृश्यात दाखवायचा, त्याला नकाशासमोर बसवायचे आणि मधूनमधून फ्लॅशबॅकने मागे जायचे. पैसा गुंतवणाऱ्यांनाही ते आवडले असते. त्याऐवजी दिग्दर्शक गार्थ डेव्हिस आणि ल्यूक डेव्हिस (दोघांच्या आडनावांत इंग्रजी वर्तनीत थोडा फरक आहे आणि ते नातेवाईक नाहीत) यांनी कथा ओळीने सांगितली. त्यामुळे ख्यातनाम नट चित्रपटाच्या जवळपास मध्यावर येतो आणि तोवर पडद्यावर जवळजवळ इंग्रजी नाहीच.

याचा फायदा असा की हरवण्याच्या वेळी आपल्याला सुटकेची हमी मिळत नाही. फ्लॅशबॅकने सांगितले असते तर मुलगा वाचणार हे प्रत्येक क्षणी ठाऊक राहिले असते. शिवाय उत्तरार्धात मोठ्या सरूला जे आठवते ते आपण आधीच जगलेले असते. त्याचे भारतीय मित्र घरी जेवण करतात आणि स्वयंपाकघरात ताटात जिलेबी दिसते. तो एक तुकडा उचलतो आणि त्याचा चेहरा बदलतो. इथे एकही वाक्य समजावून सांगावे लागत नाही, कारण तासाभरापूर्वी बाजारात लहान सरूने थोरल्या भावाकडे, गुड्डूकडे, जिलेबीचा हट्ट धरलेला आपण पाहिलेला असतो. पटकथेत काही गोष्टी आधी पेराव्या लागतात आणि फळ नंतर मिळते. ही पेरणी मला या चित्रपटातली सर्वांत चोख वाटते.

आता तोटा. कथा ओळीने सांगितली की शोधाचा सगळा भाग शेवटी एकत्र येतो, आणि शोध म्हणजे काय, तर गुगल अर्थ २००५ साली सुरू झाल्यानंतर एका माणसाने रात्रीमागून रात्री रेल्वेचे रूळ पडद्यावर सरकवत नेणे. प्रत्यक्षात सरू यांनी गाडीचा अंदाजे वेग आणि प्रवासाचे तास यांचा गुणाकार करून हावड्याभोवती एक वर्तुळ आखले होते आणि त्या वर्तुळातली स्थानके पाण्याची टाकी, पादचारी पूल अशा खुणांवरून तपासली होती. शोधाची ही पद्धत विलक्षण चिकाटीची आहे, पण त्यात पाहण्यासारखे काही नाही. डेव्हिस यांनी यावर दोन उपाय केले. पहिला असा की शोधाचा ताण त्यांनी घरात आणला. सरू मैत्रिणीपासून दुरावतो, नोकरी सोडतो, आणि आपल्याला वाढवणाऱ्या आईला दुखावण्याच्या भीतीने शोध लपवून ठेवतो. दुसरा असा की गुड्डू त्याला भासमान होऊन दिसत राहतो. पहिला उपाय मला पटतो. दुसऱ्यात दिग्दर्शकाच्या सौंदर्यदृष्टीचा वाटा अधिक असावा. तो काही ठिकाणी पुनरुक्त होतो. आपले लक्ष उडाले ते बहुधा तिथेच.

पण शेवटी शोध लागतो तेव्हा पूर्वार्धाने केलेली पेरणी पुन्हा उपयोगी पडते. सरू वर्तुळाबाहेर भरकटतो आणि आई जिथे दगड वाहत असे तो भाग त्याला वरून ओळखू येतो. मग पडद्यावरचा उपग्रहाचा नकाशा आणि घराकडे पळणारा लहान मुलगा एकमेकांत मिसळतात. ती वाट आपल्यालाही पाठ झालेली असते. संगणकासमोर बसलेल्या माणसाचा प्रसंग याहून चांगला लिहिलेला मी तरी पाहिलेला नाही. म्हणून दोष आहे असे मी म्हणेन, पण तो योग्य निवडीची किंमत म्हणून आलेला दोष आहे.

प्रश्न : चित्रपटात सरू शिकायला आमच्या मेलबर्नला येतो. प्रत्यक्षात ते कॅनबेरात शिकले. मैत्रिणीचे नाव आणि व्यक्तिरेखाही बदललेली आहे. सत्यकथेचा दावा करून असे बदल करणे प्रामाणिक म्हणावे का? (मेलबर्न)

कॅनबेराचे मेलबर्न झाल्याने कुणाच्या आयुष्याचा अर्थ बदलला नाही, त्यामुळे त्यावर वेळ घालवू नये. मैत्रिणीची व्यक्तिरेखा, ल्यूसी, हीच चित्रपटातली सर्वांत कच्ची भूमिका आहे, हे मात्र मान्य करतो. रुनी मारासारखी अभिनेत्री असूनही तिच्या वाट्याला काळजी करणे आणि समजून घेणे यांपलीकडे फार काही येत नाही. बदल केला म्हणून मला खटकत नाही. बदल करूनही काही साधले नाही, हे खटकते.

याच्या उलट उदाहरण सरूला दत्तक घेणाऱ्या आईचे, सू ब्रायर्ली यांचे. निकोल किडमन यांच्या तोंडी एक प्रसंग आहे, ज्यात सू सरूला सांगते की आम्हाला मुले होऊ शकली असती, आम्ही ठरवून ती होऊ दिली नाहीत, कारण जगात आधीच असलेल्या मुलांना घर द्यावे असे आम्हाला वाटले. सरूचा समज असा असतो की मूल होत नसल्यामुळेच आपल्याला आणले गेले. या एका बोलण्याने दत्तक घेण्याची सगळी कथा उलटी होते. मुळात ही भूमिका खऱ्या सू यांची आहे. पुस्तकात आईच्या प्रवासावर स्वतंत्र प्रकरण आहे. डेव्हिस यांनी ती माहिती सुरुवातीला न सांगता, मुलगा सर्वांत जास्त ढासळलेला असतो तेव्हापर्यंत राखून ठेवली. तथ्य तसेच ठेवून जागा बदलणे, यालाच मी रूपांतर म्हणतो. आणि चित्रपटाच्या अखेरीस खऱ्या सरूची, त्याला जन्म देणाऱ्या आईची आणि सू यांची प्रत्यक्ष भेटीची दृश्ये जोडलेली आहेत, त्यामुळे प्रेक्षकाला नाट्य कुठे संपले हे नीट कळते.

प्रश्न : मी व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात काम करते. ‘कँडी’ आणि ‘ब्यूटिफुल बॉय’ हे दोन्ही चित्रपट एकाच लेखकाचे आहेत हे कळल्यावर आश्चर्य वाटले, कारण दुसऱ्यात सगळी सहानुभूती बापाच्या बाजूने आहे. लेखकाचे मत बदलले काय? (नागपूर)

मत बदलले असे म्हणण्यापेक्षा लेखकाची उभे राहण्याची जागा बदलली असे म्हणावे लागेल.

‘ब्यूटिफुल बॉय’ दोन आत्मकथनांवर आधारलेला आहे. एक पत्रकार डेव्हिड शेफ यांचे, म्हणजे वडिलांचे, आणि दुसरे मुलगा निक शेफ याचे. बेल्जियमचे दिग्दर्शक फेलिक्स व्हान ग्रुनिंगन यांच्यासह डेव्हिस यांनी पटकथा लिहिली. स्टीव्ह करेल बाप आणि टिमोथी शॅलमे मुलगा. दोन्ही पुस्तकांना सारखे वजन द्यायचे असे योजले तरी चित्रपट बापाकडे झुकतो, हे आपले निरीक्षण बरोबर आहे. त्याची बांधणीही ‘लायन’च्या नेमकी उलट आहे. काळ पुढे-मागे उड्या मारतो, लहानगा निक आणि नशेत बुडालेला निक शेजारी शेजारी येतात. इथे फ्लॅशबॅक समर्थनीय आहे, कारण बापाचे मन तसेच चालते. समोर उभ्या असलेल्या तरुणात तो सतत सहा-सात वर्षांचे पोर शोधत असतो. परंतु यामुळे एक अडचण होते. निक पुन्हा नशेकडे का वळला, या प्रश्नाचे उत्तर बापाजवळ नाही, आणि चित्रपट बापाच्याच डोक्यात असल्यामुळे आपल्यालाही मिळत नाही. बरा होणे, घसरणे, पुन्हा बरा होणे, पुन्हा घसरणे, हा क्रम खरा असला तरी तिसऱ्या फेरीत प्रेक्षक थकतो. ‘कँडी’त ही अडचण नव्हती, कारण तिथे डॅनला नशेची ओढ आतून ठाऊक होती.

असे असले तरी आपल्या कामाच्या दृष्टीने ‘ब्यूटिफुल बॉय’मधले काही प्रसंग पुन्हा पाहण्यासारखे आहेत. सावत्र आई कॅरन निकच्या गाडीचा पाठलाग करते आणि काही अंतरावर गाडी थांबवून रडते. तिचे ते थांबणे कुणी समजावून सांगत नाही. पुढे निक फोनवर घरी येऊ द्या म्हणतो आणि बाप नकार देतो. ‘कँडी’ लिहिणाऱ्या माणसाला तो नकार पलीकडच्या बाजूला कसा ऐकू येतो हे ठाऊक आहे, म्हणून त्या प्रसंगात बाप शहाणा वाटत नाही, फक्त थकलेला वाटतो. बापाच्या बाजूने लिहितानाही बापाला बरोबर ठरवलेले नाही, ही बाब मला मोलाची वाटते.

प्रश्न : मी शाळेत शिकवतो. आमच्या चित्रपट मंडळात मुलांना ऑस्ट्रेलियन कौटुंबिक चित्रपट दाखवायचे आहेत. डेव्हिस यांचे कोणते दाखवता येतील? (कोल्हापूर)

‘कँडी’ आणि ‘ब्यूटिफुल बॉय’ हे प्रौढांचे चित्रपट आहेत. ‘एंजल ऑफ माइन’मधली स्त्री दुसऱ्याच्या मुलीला आपलीच मेलेली मुलगी समजू लागते, तोही शाळेसाठी नाही. ‘लायन’ आठवी-नववीच्या पुढच्या मुलांना दाखवावा आणि शिक्षकांनी सोबत बसावे, कारण रस्त्यावरच्या आणि बालगृहातल्या धोक्यांच्या सूचना त्यात स्पष्ट आहेत आणि गुड्डूच्या मृत्यूची बातमीही आहे. ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ त्याच वयाला चालेल, फक्त तो ऑस्ट्रेलियन नव्हे. पॉलेट जाइल्स यांच्या कादंबरीवरचा हा अमेरिकन चित्रपट १८७० च्या टेक्सासमध्ये घडतो. गावोगाव वर्तमानपत्रे वाचून दाखवून पोट भरणारा एक वृद्ध कप्तान, किओवा या मूलनिवासी लोकांत वाढलेल्या आणि इंग्रजी न येणाऱ्या अनाथ मुलीला तिच्या नातेवाइकांकडे पोहोचवायला निघतो. वाटेत एका गावचा दांडगा मालक त्याला आपले स्वतःचे वर्तमानपत्र वाचायला देतो आणि कप्तान दुसरीच बातमी वाचतो. वर्गात चर्चेला याहून चांगला प्रसंग सापडणे कठीण.

तुम्हाला हवे आहेत ते, लहानांसाठीच बनलेले ऑस्ट्रेलियन चित्रपट, ही वेगळी परंपरा आहे आणि तिच्यात पटकथाकारांचे मोठे काम आहे. ऑस्ट्रियात जन्मलेल्या सोनिया बोर्ग यांनी कॉलिन थील यांच्या कादंबरीवरून ‘स्टॉर्म बॉय’ची पटकथा लिहिली. १९७६ चा हा चित्रपट दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या कूराँगच्या किनाऱ्यावर, आईविना वाढणारा मुलगा, त्याचे अबोल वडील, त्याचा आदिवासी मित्र (डेव्हिड गुलपिलिल) आणि पोरके झालेले पाणकोळी यांच्याभोवती फिरतो. तो आवर्जून दाखवा. याच बोर्ग यांनी थील यांच्याच कादंबरीवरून ‘ब्लू फिन’ लिहिला, आणि पुढे हायलस मॅरिस यांच्यासह ‘विमेन ऑफ द सन’ ही आदिवासी स्त्रियांच्या पिढ्यांची कठोर मालिकाही लिहिली. अलीकडच्या काळात शॉन ग्रँट यांचे उदाहरण तर थक्क करणारे आहे. खऱ्या हत्याकांडावरचा ‘स्नोटाउन’ आणि पोर्ट आर्थरच्या गोळीबाराकडे नेणारा ‘नाइट्रम’ लिहिणाऱ्या या लेखकाने हॅरी क्रिप्स यांच्यासह ‘पेंग्विन ब्लूम’ हा जखमी मॅगपाय पक्ष्याचा आणि अपंगत्व आलेल्या आईचा कौटुंबिक चित्रपट लिहिला. तोही मुलांना दाखवता येईल.

या चित्रपटांत पक्षी किंवा प्राणी हमखास असतो आणि न बोलता येणारे दुःख त्याच्यावर सोपवले जाते. डेव्हिस यांच्या कथांतल्या मुलांना असा सोबती मिळत नाही. म्हणूनच कौटुंबिक विषय असूनही त्यांचे चित्रपट बालचित्रपट होत नाहीत.

प्रश्न : त्यांच्या बऱ्याच पटकथांवर दिग्दर्शकाचेही नाव आहे. मग श्रेय नेमके कुणाचे? (ठाणे)

‘कँडी’वर आर्मफील्ड, ‘ब्यूटिफुल बॉय’वर व्हान ग्रुनिंगन, ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’वर पॉल ग्रीनग्रास, ‘कॅच-२२’वर डेव्हिड मिशो (ते मात्र त्या मालिकेचे दिग्दर्शक नव्हते, सहलेखक होते). ‘लायन’ आणि ‘लाइफ’ या दोन पटकथांवर मात्र डेव्हिस यांचे एकट्याचे नाव आहे. त्यांचे स्वतःचे वळण पाहायचे असेल तर या दोन्ही शेजारी शेजारी ठेवाव्यात. ‘लाइफ’मध्ये जेम्स डीन इंडियानातल्या शेतावर, आपल्या माणसांकडे जातो, तो भाग आणि ‘लायन’चा होबार्टमधला भाग, यांत घरच्यांच्या शांत, कमी बोलण्याच्या ताणाची जात एकच आहे.

प्रश्न : मला पटकथालेखन शिकायचे आहे. डेव्हिस यांच्याकडून नेमके काय घ्यावे? (पणजी)

‘लायन’मधला एक प्रसंग घ्या. कोलकात्यात भुकेलेला सरू एका उपाहारगृहाच्या काचेबाहेर उभा आहे. आत एक तरुण चमच्याने जेवतो आहे. सरूला रस्त्यावर एक चमचा सापडलेला आहे. तो बाहेरून त्या तरुणाच्या हालचालीची नक्कल करतो. तरुण पाहतो, हसतो, आणि थोड्या वेळाने बाहेर येतो. पुढे तोच त्याला अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचवतो आणि तिथून टास्मानियाचा रस्ता सुरू होतो. म्हणजे संपूर्ण कथेला वळण देणारी घटना एका चमच्यावर आणि दोन चेहऱ्यांवर उभी आहे.

हा प्रसंग आवाज बंद करून पाहा आणि जे दिसते तेवढेच वर्तमानकाळात, छोट्या वाक्यांत लिहून काढा. ‘सरूला भूक लागली आहे’ असे लिहू नका, कारण ते दिसत नाही. काच, चमचा, तोंडापर्यंत जाणारा रिकामा हात, हे दिसते. मग आपल्या मनातल्या कथेतला एक प्रसंग असाच, संवादाशिवाय लिहा. तो एखाद्या अनोळखी माणसाला वाचायला द्या आणि पात्राला काय हवे आहे, एवढेच विचारा. उत्तर बरोबर आले तर संवाद लिहायला घ्या. चुकले तर वस्तू बदला, वाक्ये वाढवू नका.